मोजणी रांगेच्या आधी

सोमवार, ५

मेळाव्याला नऊ दिवस उरले. आज आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी कामं वाटून दिली. माझ्याकडे वायरी, नावाच्या पट्ट्या आणि भिंत. येणारे एकूण बेचाळीस.

साहेब म्हणाले, "सगळं सुतासारखं सरळ झालं पाहिजे. गेल्या वर्षीसारखं हसं नको." गेल्या वर्षी मेळावा दुसरीकडे होता. राउटरचं सॉफ्टवेअर लिहिणारे एवढे लोक एका सभागृहात जमले आणि पहिला दीड दिवस सभागृहात इंटरनेट नव्हतं. मेळाव्याची जोडणी आपल्याच सॉफ्टवेअरवर चालवायची असा हट्ट असतो, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार.

भिंत ही मेळाव्याची जुनी रीत आहे. आमचं सॉफ्टवेअर सुट्या ठोकळ्यांचं आहे. इंटरनेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून येते. एक ठोकळा पाकिटावरचा पत्ता वाचतो, एक पाकिटांना रांगेत उभं करतो, एक मोजतो, एक टाकून देतो. ठोकळे हवे तसे जोडले की राउटर तयार होतो. पहिल्या सकाळी प्रत्येकाने आपल्या राउटरचं चित्र हाताने कागदावर काढून भिंतीला लावायचं. चौकोन म्हणजे ठोकळे आणि बाण म्हणजे पाकिटांची वाट. मग सगळे लाल पेन्सिली घेऊन फिरतात आणि शंका येईल तिथे प्रश्न लिहितात. भाषणं दुपारनंतर. मुकादम म्हणतात, भाषणात माणूस निसटतो, कागदावर सापडतो.

मुकादम म्हणजे या सॉफ्टवेअरचे राखणदार. कुणीही बदल पाठवला तरी तो त्यांनी वाचल्याशिवाय आत जात नाही. सतरा वर्षं हेच करतायत. मला त्यांची आजवर चौदा पत्रं आली. त्यातल्या नऊ पत्रांत "हे का?" एवढेच शब्द होते. त्यांना माझं काम आवडत नाही, हे मी आता स्वीकारलं आहे.

मंगळवार, ६

काल बेचाळीस लिहिलं. यादी पुन्हा मोजली, त्रेचाळीस आहेत.

आज भिंतीसाठी माझं चित्र काढायला बसले. मी आणि साहेबांनी छापलेल्या शोधनिबंधातलं चित्र समोर होतं, त्यावरून गिरवलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. पण चित्र कधीही मूळ वस्तूवरून काढायचं, चित्रावरून नाही, अशी घरची शिस्त. म्हणून दोन वर्षांपूर्वी ज्या फाइलीवर मोजमाप केलं ती उघडली आणि एकेक बाण कागदावर उतरवला.

छापलेल्या चित्रात आधी रांग, मग मोजणी. फाइलीत आधी मोजणी, मग रांग.

पुन्हा वाचलं. मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. तसंच आहे.

नीट लिहून ठेवते म्हणजे मलाच नीट कळेल. रांगेचा ठोकळा माझा आहे. गर्दी झाली की रांगेतून काही पाकिटं गळतात. माझ्या नव्या रांगेतून हजारी एकच गळतं, जुन्या साध्या रांगेतून सव्वीस, असं मी आणि साहेबांनी छापलं. या माणसांत मला जी काही ओळख आहे ती त्या "हजारी एक"मुळे. पण मोजणी रांगेच्या आधी बसवली, तर रांगेतून काय गळलं ते तिला दिसणारच नाही. जुन्या रांगेच्या फाइलीत मोजणी बरोबर जागी आहे. फक्त नव्या रांगेच्या फाइलीत उलटी.

जे एक गळलं, ते रांगेत शिरण्याआधीच कुठेतरी पडलं असणार.

बुधवार, ७

सकाळपासून तळघरातल्या यंत्रांच्या खोलीत. बाण सरळ करून सहा वेळा मोजलं. पंचवीस, पंचवीस, चोवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस.

जुन्या रांगेचे सव्वीस. म्हणजे माझी रांग एका पाकिटाने चांगली आहे.

जेवले नाही. नंतर वाटलं, न जेवून काय होणार, म्हणून चार वाजता जेवले.

गुरुवार, ८

साहेबांना सांगितलं. ते संत्रं सोलत होते.

"साहेब, आपलं हजारी एक चुकलंय."

"कोण म्हणतं?"

"मी."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला."

मी फाइल दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, दार लोटून घेतलं आणि अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं. ते वाईट नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. माझ्याकडे बाराव्या वर्षापर्यंतच्या शाळेचा एकही कागद नव्हता, तेव्हा यांनीच मला इथे घेतलं.

"हे बघ, सुधारायला मी नाही म्हणत नाही. पण मेळावा आपल्या घरी आहे. पाहुणे यायचे आणि आपण त्यांना दारातच सांगायचं, आमच्या रांगेत काही राम नाही?"

"मग कधी सांगायचं?"

"महिन्याभराने. छोटंसं शुद्धिपत्र काढू. कुणी वाचणारसुद्धा नाही."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"कुणी वाचणार नाही, म्हणूनच ते पुरेसं नाही."

"अगं बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही उघड म्हणून तुझ्या दारात कुणी बसलेलं नाही."

यातली वाईट गोष्ट अशी की ते खरं आहे. छापलेलं चित्र बरोबर आहे. चूक आहे ती फाइलीत आणि फाइल फक्त माझ्याकडे आहे. मी गप्प राहिले तर हे जगात कुणाला कधीही कळणार नाही. हे वाक्य लिहिल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली.

शुक्रवार, ९

वहिनींचा फोन आला. त्या मेळाव्याला एक दिवस आधी येणार आहेत, वायरी ओढायला मदत करते म्हणाल्या.

वहिनी इथे कुणाचीच वहिनी नाहीत. आठ वर्षांपूर्वी दिरांबरोबर पहिल्यांदा मेळाव्याला आल्या. पुढे दीर हे सगळं सोडून गेले, वहिनी राहिल्या आणि नाव चिकटलं. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता शेहेचाळिसाव्या वर्षी प्रबंध लिहितायत. प्रबंधाची तीन प्रकरणं माझ्या हजारी एकवर उभी आहेत.

इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या त्या तळघरात गारवा किती असतो गं?"

मी सांगितलं.

"आणि मोजलंस तेव्हा वायर किती लांब होती?"

"दोन मीटर."

"वीज मध्येच कमीजास्त होते का तुमच्याकडे?"

"नाही."

"बरं. यंत्र नवं होतं की वापरलेलं?"

त्या हे सगळं लिहून घेत होत्या, पेनचा आवाज ऐकू येत होता. त्यांना संशय आलाय. चांगला वकील असाच कडेकडेने येतो. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे बाई." हा टोमणाच असणार.

रविवार, ११

आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे आमच्या शाळेतली मुख्य शिक्षिका. बाबांच्या कामामुळे आम्ही दर सहा महिन्यांनी गाव बदलायचो, म्हणून शाळा घरीच होती. गणित बाबांकडे, भाषा आईकडे आणि उरलेलं सगळं जग आत्याकडे. तीन शिक्षक आणि एक विद्यार्थिनी. वर्गात पहिला नंबर आला म्हणून मिरवायची सोय नव्हती, कारण शेवटचाही माझाच. आणि "हे कुणी केलं?" असा प्रश्न आला की उत्तर एकच असायचं. गर्दीत लपायचं कसं, हे इतर मुलं शाळेत शिकतात. मी बाराव्या वर्षी गेले तोवर तो धडा होऊन गेला होता.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे चाळणीत घालायच्या आधीच पीठ मोजलंस आणि सांगितलंस, कोंडा काही निघाला नाही."

"हो."

"मग सांगून टाक की."

"सांगितलं तर एका बाईंचा प्रबंध पडेल गं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"उभा राहील."

"कशावर?"

आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "गॅसवर दूध आहे, ठेवते."

मंगळवार, १३

वहिनी आल्या. आल्या आल्या ओढणी कमरेला बांधून टेबलाखाली शिरल्या. आम्ही दोघींनी जुन्या वाचनालयाच्या दालनात बावीस वायरी ओढल्या आणि जमिनीला चिकटपट्ट्या लावल्या. कुणी अडखळू नये म्हणून मी प्रत्येक पट्टीवरून स्वतः पाय घासत चालून पाहिलं. वहिनी टेबलाखालून म्हणाल्या, "अगं, पाहुणे येणारेत, घोडे नाही."

त्यांच्याबरोबर काम करायला फार बरं वाटतं, आणि म्हणूनच सांगणं अवघड. दोनदा सांगायला तोंड उघडलं. एकदा साहेब आले. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, मीच "कात्री द्या" म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "तळघर दाखवतेस?" नेलं. त्या यंत्राजवळ उभ्या राहिल्या, हात लावला, मागच्या बाजूला वाकून पंख्यांचा आवाज ऐकला. दुसऱ्याच्या घरातलं बाळ बघतात तसं बघत होत्या. "माझंही अगदी हेच आहे," एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, त्या पुरावे गोळा करतायत.

घरी येऊन दोन चित्रं काढली. एक छापल्यासारखं, एक फाइलीसारखं. दोन्ही गुंडाळून पिशवीत ठेवली. उद्या बघू, असं स्वतःला सांगितलं. आपण स्वतःला "उद्या बघू" म्हणतो तेव्हा नेमकं काय करत असतो, ते आत्याला विचारायला हवं.

बुधवार, १४

सव्वाआठला दालन रिकामं होतं. खिडकीजवळ, डावीकडून तिसरी जागा माझी. दोन्ही कागद टेबलावर उलगडले आणि फाइलीसारखा होता तो लावला. धैर्य वगैरे काही वाटलं नाही. दुसरा लावायला गेले तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर माझं नाव दिसलं आणि तो लावता येईना, एवढंच झालं.

नऊला सगळे आले. चहा झाला, पेन्सिली वाटल्या. इंटरनेट नऊ चाळीसला गेलं आणि अकरा मिनिटांनी आलं. टाळ्या पडल्या.

माझ्या कागदापुढे पहिला आला तो दाढीवाला, पाकिटांचे पत्ते वाचणारा ठोकळा ज्याचा आहे तो. त्याने पाहिलं आणि हसला. "अगं, मोजणी रांगेच्या आधी आलीये. घाईत उलटं काढलंस." बाण फिरवायला त्याने पेन्सिल पुढे केली.

"फिरवू नका," मी म्हणाले. "उलटं काढलं नाही. उलटं मोजलं."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी. छापलेलं चित्र बरोबर होतं, यंत्रातली फाइल अशी होती. हजारी एक खरं नाही. हजारी पंचवीस आहे."

मी हे एका दमात सांगितलं आणि बहुतेक फार मोठ्याने, कारण चहाच्या टेबलाजवळचे लोकही वळले. साहेब कुणाशी तरी बोलत होते ते थांबले. आणि दाढीवाल्याच्या मागे वहिनी उभ्या होत्या, हातात कप घेऊन.

"किती म्हणालीस?"

"पंचवीस."

"पंचवीसच? वीस नाही, तीस नाही?"

"सहा वेळा मोजलं. एकदा चोवीस आले."

वहिनींनी कप खिडकीत ठेवला आणि दालनाबाहेर निघून गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

पुढची वीस मिनिटं मी तिथेच उभी होते. लोक येत होते, कागदावर प्रश्न लिहीत होते, मी त्यांच्याखाली उत्तरं लिहीत होते. जुन्या रांगेच्या फाइलीत काय होतं? बरोबर होतं. दोन्ही फाइली कुणी लिहिल्या? मी. मुकादम आले. मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. चष्मा कपाळावर सरकवून, कागदाला नाक लावून त्यांनी सगळं वाचलं आणि कोपऱ्यात लिहिलं, "मूळ फाइल आहे?" मी खाली लिहिलं, "आहे." आम्ही हातभर अंतरावर उभे होतो, पण बोलायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग वहिनी परत आल्या. रस्त्यापलीकडच्या पाहुण्यांच्या खोलीपर्यंत धावत गेल्या होत्या, दम लागला होता. हातात जाड पुठ्ठ्याची वही. ती त्यांनी माझ्या कागदाखाली जमिनीवर उघडली. पानभर रकाने, प्रत्येक ओळीला तारीख, खोलीचा गारवा, वायरीची लांबी. शेवटच्या रकान्यात पंचवीस, पंचवीस, सव्वीस, चोवीस, पंचवीस. एक्केचाळीस ओळी.

"दीड वर्ष," वहिनी म्हणाल्या. "यंत्र दोनदा बदललं. पंखा बदलला. वायरी पट्टी लावून कापल्या. घरात सगळे म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. अंगण खरंच वाकडं निघालं की गं."

दाढीवाला हसला.

"हसू नका," वहिनी त्याला म्हणाल्या. "मला हिच्यावर रागवायचंय. पण आधी हे जुळवून घेऊ." आणि खाली मांडी घालून बसल्या. मीही बसले. माझ्या सहा ओळी, त्यांच्या एक्केचाळीस. जेवायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

गुरुवार, १५

काल वहिनींबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं असं आता वाटतं. म्हणजे कालचं नाही, शुक्रवारचं आणि मंगळवारचं. त्या पुरावे गोळा करत होत्या, पण स्वतःविरुद्ध. खोडत नाही, तसंच राहू दे.

ठरल्याप्रमाणे त्या आज रागावल्या. चहा पूर्ण संपवून.

"दीड वर्ष गेलं माझं."

"हो."

"तू तपासायला हवं होतंस."

"हो."

"आणि मी पहिल्याच महिन्यात तुला विचारायला हवं होतं, माझे पंचवीस का येतात म्हणून. लाज वाटली. वीस वर्षं पोरांना सांगत आले, अडलं की विचारा, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा वायरी कापत बसले."

"ती माझी चूक आहे वहिनी."

"गप्प बस. तुझी वेगळी, माझी वेगळी. तू दोन्ही उचलायला लागलीस तर मी रागवायचं कुणावर?"

मी घाबरत विचारलं, "आणि प्रबंध?"

"तीन प्रकरणं पडली. चौथं काल दुपारी उभं राहिलं. मोजणाऱ्याचे पंचवीस येत असताना छापलेला एक कसा टिकून राहतो, यावर. त्यासाठी तुझी फाइल लागेल. देशील?"

मी तिथेच दिली.

साहेब काल दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. आज दुपारी भिंतीजवळ गेले तर ते माझ्या कागदापुढे एकटेच उभे होते. कोपऱ्यातल्या माझ्या नावाखाली त्यांनी लाल पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं होतं. मला बघून म्हणाले, "निबंधावर होतं, इथेच राहिलं होतं." मग जरा वेळाने, "तुला थांब म्हटलं होतं मी." मी म्हणाले, "हो, म्हणाला होतात." संध्याकाळी खुर्च्या लावताना त्यांनी माझ्याहून जास्त खुर्च्या उचलल्या.

शुक्रवार, १६

मेळावा संपला. त्रेचाळीस आले, त्रेचाळीस गेले, पट्टीला अडखळून कुणी पडलं नाही.

निघताना मुकादमांनी मला जिन्याशी गाठलं.

"तुझ्या कागदावर अकरा प्रश्न आले. सगळ्यांना उत्तरं दिलीस?"

"तेरा होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेरा?"

"दोन मागच्या बाजूला होते. कुणीतरी कागद उलटून लिहिले होते. मीही मागेच उत्तरं लिहिली."

"हं." त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "सोमवारपासून बाहेरून येणारे बदल आधी तू वाचायचे. तुला पटले की मग माझ्याकडे."

"सगळे?"

"सगळे."

शिक्षा होणार हे धरूनच होते, आणि ही शिक्षा रास्त आहे. ज्याने नीट वाचलं नाही त्याने आता सगळ्यांचं वाचावं. मी विचारलं, "पण माझ्यानंतर तुम्ही बघाल ना?"

"सुरुवातीला बघेन. हल्ली डोळे शिणतात."

मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या असं सुचवलं. ते म्हणाले, "तेही करतो," आणि हसले. मुकादमांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रवासाचा ताण असेल.

रविवार, १८

आत्याला सगळं सांगितलं. शिक्षेचं सांगितल्यावर ती इतका वेळ हसत होती की मला वाटलं फोन बिघडला. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे, रोजचे तीन-चार तास जाणार माझे. ती म्हणाली, "काही नाही, तू आपली शिक्षा भोग." आणि बाबांना फोनवर बोलावून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि "बरं झालं" म्हणाले, ते दोनदा.

सोमवार, १९

सकाळी साडेआठला बसले. एकोणीस बदल वाट बघत होते. पहिला दाढीवाल्याचा, फक्त चार ओळी. त्या चार ओळींना सव्वा तास लागला. ठोकळे कागदावर काढले, बाण उतरवले, मग यंत्रावर चालवून पाहिलं. बरोबर होता. तरी आणखी एकदा चालवला. मग "घ्यायला हरकत नाही" असं लिहिलं आणि बटण दाबलं. माझ्यावर कुणीतरी विसंबणार, असं पहिल्यांदाच जाणवलं आणि त्याचं ओझं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या बदलात चूक सापडली. माणूस अनोळखी, भाषेवरून नवखा वाटला. त्याला काय चुकलं, कुठे चुकलं आणि आपण स्वतः कसं शोधावं ते दीड पान लिहिलं. पुन्हा वाचून एक पान केलं. तिसरा वहिनींचा होता, हजारी एकची दुरुस्ती. त्यांच्या एक्केचाळीस ओळी, माझ्या सहा आणि खाली वहिनी, साहेब आणि मी अशी आम्हा तिघांची नावं. त्यातला एकेक आकडा मी त्यांच्या वहीच्या प्रतीशी ताडून पाहिला. एका ठिकाणी तारीख चुकली होती. फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "सापडली का? बरं वाटलं." आणि खरंच बरं वाटल्यासारखा आवाज होता.

दुपारी साहेब डोकावून गेले, बाहेर ऊन आहे म्हणाले. मान वर केली तेव्हा तीन वाजले होते. सातच झाले, बारा उरलेत, आणि तेवढ्यात आणखी दोन आले.

ही शिक्षा किती दिवस, ते मुकादमांना विचारायचं राहिलंच. विचारायची काही घाई नाही.